साखर उतरली

लॉन्ड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणायचे. तिच्या हातची इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक. एकवीस वर्षं ती एकाच टेबलाशी उभी होती. शर्टाची कॉलर आधी आतून, मग बाहेरून, टोकांकडून मध्याकडे, म्हणजे चुणी पडत नाही. घाईची मोठी ऑर्डर आली की मालक दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे.

हे हात मात्र तिला फुकट मिळालेले नव्हते. अकरा वर्षांपासून संधिवात. सकाळी उठली की बोटं लाकडासारखी. दहा मिनिटं कोमट पाण्यात धरायची, एक छोटी पांढरी गोळी घ्यायची, की तासाभरात मूठ वळायची. रक्तदाबाची गोळी वेगळीच. तेवढ्यावर तिचं बरं चाललं होतं.

नेहमीच्या रक्ततपासणीत साखर निघाली, तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. साखरेचा डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "घाबरू नका, मधुमेह झालेला नाही. तुम्ही फक्त उंबरठ्यावर आहात."

"मग दार लावून घ्या की."

तो हसला नाही. रोज पाऊण तास चालायचं, सहा किलो वजन उतरवायचं, बिस्किटं बंद, असा छापील कागद त्याने पुढे केला.

"चालायला आधी गुडघे द्या," ती म्हणाली.

"मग पोहायला जा." आणि लिहिता लिहिता, मान वर न करता, "ती सांध्यांची गोळी घेताय ना, तिच्यानेही साखर वाढते. त्या डॉक्टरांशी बोलून घ्या."

त्या डॉक्टरांची तारीख तीन महिन्यांनंतरची होती.

घरी भाऊ आणि वहिनी. लग्न न केलेली मोठी बहीण म्हणून त्या घरात तिला मान होता, म्हणजे सल्ले भरपूर होते. वहिनीने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, तोंडावर ताबा ठेवला की सगळं जमतं बघा." हे सांगताना तिच्या स्वतःच्या बशीत चार बिस्किटं होती.

भाऊ म्हणाला, "ताई, आईचं आठव."

आठवायला ती विसरली कधी होती? आईचा पाय साखरेनेच गेला. दोन वर्षं ती जखम हिने धुतली, हिने बांधली. भाऊ दारातूनच विचारायचा, "आज कशी आहे?" तो वास अजून तिच्या नाकातून गेला नव्हता. सांधे दुखतात, पण सांधे कुणी कापून नेत नाही, असा तिने हिशोब केला. आधी गोळी अर्धी केली. पंधरा दिवसांनी बंदच केली. कुणाला सांगितलं नाही.

पहिला आठवडा बरा गेला. नंतर मनगटं सुजली. अंगात असा थकवा भरला की जिना चढताना ती मध्येच बसायची. कोमट पाणी दहाची वीस मिनिटं झालं, तरी मूठ वळेना. इस्त्री ती दोन्ही हातांनी ढकलू लागली. एका दुपारी बोटं तशीच आखडली, इस्त्री उचलताच आली नाही, आणि एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर पिवळट त्रिकोण उमटला.

मालकाने शर्ट उजेडात धरला. ओरडला नाही, तेच तिला जास्त लागलं. "बाई, थोडे दिवस काउंटरला बसा," एवढंच म्हणाला.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. तरुण डॉक्टरचा चेहरा खुलला. "शाब्बास! साखर उतरली. कसं जमवलंत?"

तिने दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले. बोटांचे सांधे सुजून गोट्यांसारखे झाले होते. त्याने एकेक बोट हलवून पाहिलं. मग त्याने फोन उचलला. सांध्यांचा डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसायचा.

"गोळी बंद करायला कोणी सांगितलं होतं?" सांध्यांचा डॉक्टर आत येताच कडाडला. "ही गोळी अशी एकदम सोडतात का? जिवावर बेतलं असतं!"

"हे म्हणाले गोळीने साखर वाढते. तुम्ही म्हणत होता गोळीशिवाय हात जातील. तुमच्या दोघांच्या मध्ये ही भिंत. मी भिंतीला विचारलं."

त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही कागद एका टेबलावर आले. गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली, जोडीला महिन्याचं एक इंजेक्शन आलं, आणि साखर सांभाळायला आणखी एक गोळी. सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकली ती वाकलीच. हे सगळं तीन महिन्यांपूर्वीही करता आलं असतं, हे डॉक्टर बोलले नाहीत. तिला ते सांगायची गरजही नव्हती.

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष झालं. ती काउंटरवरच आहे. कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावते, तेही डाव्या हाताने. तिच्या टेबलाशी आता एक नवी बाई असते. ती कॉलर बाहेरूनच सुरू करते. कडकबाईने दोनदा सांगून पाहिलं. नवी बाई म्हणाली, "मावशी, चालतंय की. कोण बघतंय?"

परवा एक जुनं गिऱ्हाईक शर्ट उलटसुलट करून म्हणालं, "पूर्वीसारखी इस्त्री राहिली नाही हो तुमच्याकडे."

"नाही राहिली," ती म्हणाली, आणि पुढच्याची चिठ्ठी मागितली.