कोपऱ्यावरची रेघ

चित्रकलेची परीक्षा पास होऊन मी मुंबईहून गावी परतले, तेव्हा माझी खात्रीच होती की आमच्या गावात एकही गोष्ट सरळ नाही, आणि ती सरळ करायला माझ्याइतकं लायक माणूस दिघीपासून अलिबागपर्यंत सापडायचं नाही. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. जिकडे तिकडे श्रमदान चाललं होतं. आमचंही आठ-दहा जणांचं मंडळ होतं. पगार कोणाला नव्हता. रविवारी कुदळ-घमेली घेऊन हजर व्हायचं, एवढीच वर्गणी.

पहिलं काम बंदराकडे जाणाऱ्या आळीचं ठरलं. वाट इतकी अरुंद की बैलगाडी आळीच्या तोंडाशीच थांबायची. तिथून पुढे भाताची पोती काय आणि अडलेली बाळंतीण काय, सगळं खांद्यावरून. प्रत्येकाने अंगणाची एक पट्टी सोडायची आणि रुंद झालेली वाट जांभ्या दगडाने बांधून काढायची, असं ठरलं. नकाशा अर्थात मी केला. पट्टीने आखलेली वाट, आणि कोपऱ्यावर असा काटकोन की माझ्या मास्तरांनी पाठ थोपटली असती.

त्या कोपऱ्यावर एक काकी एकटीच राहायची. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अंगणाच्या कडेला दोन माड होते, तेवढाच तिचा आधार. नारळ विकायची, झावळ्यांचे झाप विणायची, हिरांचे खराटे बांधायची. माझ्या सरळ रेघेत ते दोन्ही माड येत होते. समोर देवळाची मोकळी जागा होती, पण तिथून वाट घेतली तर रेघ वाकडी झाली असती. देवळात सभा झाली. "कोणाची हरकत?" मी विचारलं. काकी खांबाआड पदर ओढून बसली होती. बोलली नाही. मी म्हटलं, चला, संमती आहे.

कागद कोणालाच कळत नव्हता, हे मात्र मला कळलं. म्हणून मी आट्यापाट्यांच्या मैदानाला मारतात ती चुन्याची फक्की आणली आणि अख्खी वाट अंगणाअंगणांतून खरीखुरी आखली. आठ दिवस बघा, मग खोदू, असं सांगून ऐटीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर काय! दारोदारी शेणाचे सडे पडले होते आणि माझी रेघ पार पुसली होती. बरं, कोणी मुद्दाम केलं नव्हतं. सकाळी उठून सडा घालायचा, तसा घातला. पुसलं म्हणून वाईट वाटून बायकांनी ती रेघ रांगोळीने परत काढलीही होती. फक्त एकीने तुळस वाचवली होती, दुसरीने धुण्याचा दगड, आणि तिसरीने तर हातभर अंगण. सगळी वाट लाटांसारखी झालेली. आई हसून म्हणाली, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा!"

मी तणतणत एकेक रेघ तपासत कोपऱ्यावर आले आणि थांबले. काकीच्या अंगणात सडा होता, रेघ नव्हती. पुसलेली रेघ परत काढलीच नव्हती.

कारण समजायला मला क्षणही लागला नाही, मी त्याच गावची. आमच्याकडे तेव्हा विधवेने दारात रांगोळी घालायची नाही. आळीतल्या प्रत्येक बाईने आपलं म्हणणं अंगणात मांडलं होतं, आणि जिचं सगळंच जाणार होतं तिला तेवढीही सोय नव्हती. मला संताप आला, आधी गावाचा आणि मग माझा. खांबाआडच्या त्या गप्प बसण्याला मी संमती म्हटलं होतं.

घरून रांगोळीची वाटी आणली आणि तिच्या हातात दिली. "काकी, तुम्ही काढा रेघ."

ती दचकली. शेजारची म्हातारी तोंडावर पदर धरून बघत होती. "नको गो बाय, लोकं काय म्हंतील?"

"म्हणू देत. मी आहे इथे."

तिने पदर कमरेला खोचला. मग वाकली. माडांना बाहेरून वळसा घालून रेघ कोपऱ्याकडे नेली. तिथे मात्र माझा काटकोन सोडून तिने रेघ आत घेतली, स्वतःच्या अबोलीच्या वाफ्यातून, गोल.

"अहो, वाफा जाईल तुमचा."

"जाव दे. बैल भायेरनं फिरतात, पन चाक आतनं येतं. तुज्या कोन्यात गाडी अडकंल. ह्यांनी जलमभर गाडी हाकली, मी मागं बसून बगत व्हते." मग समोरच्या मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाली, "माडांजवळ कमी पडतंय ते देवाकडनं घ्या. तो न्हाय म्हनायचा न्हाय."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? परीक्षा मी पास झाले होते. पण दुपारी आळीच्या तोंडाशी दगड मांडून दोन्ही वळणं आखली आणि मंडळातल्या एकाची रिकामी गाडी मागवली. माझ्या काटकोनात चाक अडलं, काकीच्या गोलाईतून सहज वळलं. मी सगळ्यांसमोर माझा नकाशा फाडला. वाट काकीच्या रेघेवरूनच बांधली. पुढे विहिरीचा काठ केला, शाळेचं आवार केलं. प्रत्येक वेळी फक्की आधी मारली आणि रांगोळीची वाटी दारोदार, एकही दार न चुकवता, मी स्वतः फिरवली. ती कामं अजून टिकून आहेत.

पण त्या सगळ्याआधीची, काकीने रेघ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ. मी मुद्दाम कोपऱ्यावर गेले. काकीने सडा घातला होता, त्यात रेघ पुन्हा पुसली गेली होती, आणि आता अंगणात वाकून ती रेघ परत काढत होती. हातातली वाटी माझी नव्हती, तिची स्वतःची होती. रेघ संपल्यावर ती उंबऱ्यापाशी गेली आणि मला न विचारता तिने तिथे रांगोळीचे चार ठिपके मांडले.