झेंडेगुरुजींचं भाषण

झेंडा दिसला की झेंडेगुरुजी आधी चक्राचे आरे मोजायचे. दुकानात टांगलेल्या कागदी झेंड्यांचेसुद्धा. चोविसाला एक जरी कमी भरला तरी दुकानदाराची शाळा घ्यायचे. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण आमच्या चकलांबा गावाच्या आसपास ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या शाळेत काचेच्या पेटीत एक जुना तिरंगा आहे, घडीत अर्धं चक्र झाकलेला. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, त्याला हार घालून नारळ फोडतात. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. त्याआधीचा हा भरल्या गावाचा सण. त्या दिवशी एका पोरानं गुरुजींनी लिहिलेलं भाषण म्हणायचं. बेचाळीस साली पाटलांच्या आजोबांनी निजामाच्या पोलिसांच्या नाकावर टिच्चून हा झेंडा चावडीवर चढवला, त्याची ती गोष्ट. तरुणपणी पाटलांच्या ओट्यावर ऐकून गुरुजींनी ती अशी सजवली की अंगावर काटा यायचा. पोर अडलं, की साऱ्या मांडवानं पुढची ओळ सांगायची, हाही रिवाज. सगळ्यांना पाठच होती.

गुरुजी निवृत्त झाल्यावर एकदा काच बदलायला पेटी उघडली आणि त्यांनी सवयीनं आरे मोजले. बावीसच भरले. मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरला. झेंड्यावर चक्र आलं सत्तेचाळीसच्या जुलैत. बेचाळीस साली तिथं चरखा होता. मी, त्यांचा जुना विद्यार्थी, तेव्हा त्याच शाळेत मास्तर झालो होतो. मला म्हणाले, “जलमभर इतिहास शिकवला लेका, आन् हे माज्या नाकासमोर व्हतं!”

मग ते खऱ्याच्या मागं लागले. ते सापडलं वेशीजवळच्या शिंप्याच्या घरात. म्हाताऱ्या रजियाबीनं ट्रंकेतून हिरव्या कापडाची उरलेली चिंधी काढली. अठ्ठेचाळीस साली, निजाम हटवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर, गावात पहिल्यांदा झेंडा लागला, तो हाच; तिच्या आईनं, चांदबीनं शिवलेला. “चक्र भरताना जागाच पुरली न्हाई, दोन आरे राह्यले,” रजियाबी म्हणाली. “अम्मा दर साली लांबून झेंडा बघायची. एक डाव तिचं नाव घ्या, गुरुजी.” गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत.

गुरुजींनी हे सरपंचांना सांगितलं. सरपंच गोष्टीतल्या त्याच आजोबांचे नातू. ते हसले, “तुमचंच भाषण हाय की गुरुजी! आता तुमीच न्हाई म्हन्ता?”

त्या मुक्तिदिनाला गुरुजी स्वतःच माईकपुढं उभे राहिले. “हा झेंडा...” म्हणाले आणि काचेच्या पेटीकडं वळले. गावाला वाटलं, म्हातारे विसरले. लोकांनी मोठ्या मायेनं पुढची ओळ सांगितली. “तसं न्हाई रे,” गुरुजी हात जोडून म्हणत राहिले आणि लोक एकेक ओळ पुरवत राहिले. शेवटी टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. उठलो नाही. गावात नोकरी करायची होती.

अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “मी मारलेली गाठ हाय, मलाच सुटंना. त्या मांडवात एक डाव चांदबीचं नाव निघू दे. माज्या पाया पडायला येऊ नको, पन येवढं कर.” मी शब्द दिला. उन्हाळ्यात गुरुजी गेले.

मी खरं भाषण लिहिलं. सातवीतल्या एका हुशार मुलीनं ते महिनाभर पाठ केलं. मुक्तिदिनाला रजियाबी मांडवाच्या पार शेवटी, बांबूला धरून उभी होती. मुलगी छान बोलत होती. “हा झेंडा...” म्हणाली आणि अडली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला फक्त एक नाव सांगायचं होतं.

सरपंचांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. तोवर मांडवानं जुनी ओळ उचलली होती. मोठ्यानं, एका सुरात. त्यात माझाही आवाज होता.