आगळाची बाटली

वरळीच्या ऑफिसात बसून मी एकच गोष्ट शोधत असायचे: बाबांचं ब्लडप्रेशर उतरत का नाही? लालबागच्या घरी आई सकाळ-दुपार यंत्र लावायची आणि आकडा फोनवर सांगायची. डॉक्टरांची गोळी वाढवून झाली, मीठ तोडून झालं. आईने मिठाचा डबा फळीवर पार मागे सारला, लोणचं-पापड बंद केलं, सुकी मासळी घरातून हद्दपार केली. तरी आकडा ढिम्म.

'बीपी कमी का होत नाही' असं मी मोबाइलवर टाकायचे आणि किडनीपासून मेंदूपर्यंत सगळं समोर यायचं. जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे आजार माझ्या बाबांच्या माथी. वाचून घाबरायचं, बंद करायचं, पुन्हा तेच शब्द टाकायचे. मूर्खपणाच तो, पण हात स्वस्थ बसत नव्हता.

एका दुपारी डबा खाता खाता चिडून मी मोबाइलमधल्या एआयला सगळंच लिहून सांगितलं, माणसाला सांगावं तसं. वडील सत्तरीतले, गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे, गोळी वेळेवर घेतात, मीठ बंद, रोज चालतात, दारू-तंबाखू नाही. त्यावर उलट प्रश्न आला: दिवसभरात काय काय पितात? आता हेही सांगायचं का, असं पुटपुटत मी लिहू लागले. सकाळी चहा. दुपारी आणि संध्याकाळी पाण्यात कोकमाचं आगळ, घरचं, गावी केलेलं, थंड असतं म्हणून. डोकं दुखलं की आणखी एक ग्लास.

लिहून पाठवलं आणि हात थांबला. मे महिन्यातलं गावचं घर आठवलं. कोकमाच्या रसात आई ओंजळीने मीठ ओतायची, नाहीतर ते वर्षभर टिकणार कसं? लहानपणी ढवळायला मीच बसायचे. पण आमच्याकडे आगळाला मिठात कोणी धरतच नाही. ते औषध! खाली उत्तर आलं होतं, आगळात मीठ भरपूर असतं, डॉक्टरांशी बोला. ते मी पुरतं वाचलंही नाही, आधी घरी फोन लावला.

"आई, बाबांना आगळ देऊ नकोस."

"आत्ताच दिलंय. डोक्या दुखता म्हणत होते."

"अगं, त्यात मीठ असतं. मोबाइलवरही तेच आलंय."

आई बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे मीच?"

डॉक्टरांना विचारते म्हणून मी फोन ठेवला. डॉक्टर म्हणाले, आगळ आजपासून बंद, उद्या बाबांना घेऊन या. मग मात्र ऑफिसात जीव लागेना. हाफ डे टाकला आणि टॅक्सी पकडली. सिग्नलला गाडी थांबली की मी ड्रायव्हरवर उगाच खेकसत होते.

घरी पोचले तर आई मोरीशी बसून रिकामी बाटली घासत होती. मोरीची फरशी लालभडक झालेली. बाबा खुर्चीतून हळहळत होते, "वरसाचो आगळ ओतलंस?"

आईने मान वर केली नाही.

"तुझ्या त्या मोबाइलाक विचार," ती मला म्हणाली, "आता ह्यांचा डोक्या दुखला तर मी काय देऊ?"

विचारलं. या वेळी आईबद्दलही लिहिलं: ती स्वतःलाच दोष देतेय, तिला कसं समजावू?