मंत्र्यानं पाह्यलेली नाडी

खुशालराव डाक्टर कोन होता हे मले इचारा. मुंबईच्या मंत्र्याले सारे ओळखतात; मले जुन्या शहरातला डाक्टर ठाऊक हाये. अकोल्यात आमच्या गल्लीत त्याचा दवाखाना होता, माह्या घराच्या भिंतीले लागून. बाकावर मानसं कण्हत बसत, अन् हा गडी एकाची नाडी धरून खिडकीबाहेर पाहे: कोन चाललं, कोनाले रामराम घालाचा. बिमार मानसाचं तोंड त्यानं कधी पाह्यलं असन तं देव जाने. औषध एकच, लाल पानी. खोकला असो का खरूज, बाटली तीच. पन बोलनं! 'काय मावशी, सून सांभाळते का?' इतकं म्हटलं का बुढी अर्धी बरी होऊन घरी जाये.

बावन सालच्या इलेक्शनात त्याले तिकीट भेटलं. भाषन तं येत नव्हतं, मंग यानं काय करावं? गावोगाव हिंडला अन् ज्याचा त्याचा हात धरून नाडी पाह्यली. वावरात निंदनाऱ्या बाया, पारावरचे बुढे, कोनालेच सोडलं नाही. 'फर्स्टक्लास! शंभर वर्सं जगता!' फुकट नाडी पाहनारा डाक्टर म्हनून लोक हरखले. आमदार होऊन नागपूरले गेला, राज्य बदललं तं मुंबईले गेला, बासष्टात मंत्री झाला. खातं कोनतं? मासेमारीचं! आमच्या इकडे उन्हाळ्यात नदीत म्हैस बसाले पानी नसते, अन् हा मासे वाढवाले निंघाला. दवाखान्याले तं कवाचंच कुलूप लागलं होतं, पन नाडी धराची खोड काही गेली नाही. हार घालाले रांग लागे, अन् हा एकेकाचं मनगट धरून फोटोवाल्याकडे हासे. लोकाईले वाटे, मंत्र्यानं तपासलं.

ह्याच खोडीनं माह्या भावाचा जीव घेतला.

देवमन, माहा धाकटा भाऊ, बार्शीटाकळीजवळ आमच्या माहेरच्या गावी सुतारकाम करे. चौसष्टच्या हिवाळ्यात त्याच्या पोटात उजव्या बाजूले दुखाले लागलं. ताप, ओकाऱ्या, पाय सरळ होईना. त्याच्या बायकोनं, शकुननं, मले निरोप धाडला. मी गेली, त्याचं तोंड पाह्यलं अन् म्हटलं, आता अकोल्याचा सरकारी दवाखाना, दुसरी गोष्टच नाही. बैलबंडी जुपली, गादी टाकली, त्याले निजवलं. बंडी गावाच्या वेशीपाशी आली अन् समोरून मंत्र्याची जीप! गावात नव्या दवाखान्याचा पहिला गोटा बसवाले आला होता बाप्पा.

'थांबवा बंडी!' माही माय, चतुराबाई, खाली उतरली. 'देवच दारात आला. डाक्टरबी तोच, मंत्रीबी तोच. अकोल्यात याच्याऊन मोठा कोन बसला हाये?'

मी लय भांडली. कोन आयकते? गावातल्या दोघांनी देवमनले बगलेत धरून रांगेत उभं केलं. मंत्र्यापाशी रिकाम्या हातानं जात नाहीत म्हनून त्याच्या हाती झेंडूचा हार देला. तापानं त्याचे हात थरथरत होते, हार मंत्र्याच्या कानाले अडकला. मंत्र्यानं मनगट धरलं, फोटोवाल्याकडे पाह्यलं अन् म्हनाला, 'वा! नाडी कशी घोड्यावानी धावते! फर्स्टक्लास!'

'साहेब, पोटाले हात लावून पाहा न,' मी वरडली. 'पान्याचा घोट ठरत नाही हो त्याच्या पोटात!'

'गॅस हाये बाई. ओवा द्या,' अन् त्यानं पुढच्याचं मनगट धरलं.

झालं! मायनं बैल सोडाले लावले. मी कपाळ बडवून घेतलं. देवमनच मले म्हने, 'बाई, एवढा मोठा मानूस खोटं कावून सांगन व?' ओवा देला, शेक देला. दुसऱ्या रोजी त्याचं पोट पाटावानी कडक झालं. पुन्हा बंडी जुपली, पन बार्शीटाकळी येयाच्या आत माह्या मांडीवर गेला माहा भाऊ. ओव्याचा वास येत होता त्याच्या तोंडाले. मुडदा बशिवला त्या मंत्र्याचा!

सदुसष्टात तो पुन्हा मतं मांगाले आला. दवाखान्याच्या जागी तोच एक गोटा, त्याच्यावर शेळ्या बसत. त्याच गोट्यापाशी उभा राहून बेशरम सांगते, 'देवमनले मी सोता तपासलं होतं. दवाखाना असता तं पोरगा वाचला असता. म्हनून मले मत द्या!' अन् लोकाईनं टाळ्या वाजवल्या. थू!

मतदानाच्या दिवशी मी माहेरीच होती. सकाळी पाह्यलं तं माय नवं लुगडं नेसून तयार. कोनाले मत देनार हे इचाराची गरजच नव्हती. माहं डोस्कं फिरलं. 'माय, काही लाज वाटू दे! त्या मानसाले डाक्टरकीतलं ढेकूळ समजत नव्हतं. नुसता सोंगाड्या तो!'

बुढी भिंतीले टेकून खाली बसली. 'असं नको बोलू व,' म्हने. 'मोठा डाक्टर होता तो. त्याले काही समजत नव्हतं म्हटलं, तं मंग बैल कोनं सोडाले लावले, मनकर्णे? म्याच लावले न?'

मी तिले उठवलं, हाताले धरलं, अन् त्या मंत्र्याले मत टाकाले शाळेत घेऊन गेली.