दुसरी राखी

मी चौथी शिकलेला गवंडी. मुलगा आणि सून दोघंही कामावर, म्हणून परदेशातल्या, हॅमिल्टनच्या त्यांच्या घरात शाळा सुटल्यावर पंधरा वर्षांच्या नातीकडे बघायला मीच. आईबापांना ती इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची. माझ्याशी मात्र मराठी, मोडकीतोडकी का होईना. त्याचा मला फार ताठा होता.

शाळा बदलली आणि तिला दोन नवी पोरं भेटली. एक गोरा मुलगा, एक माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतली मुलगी. शाळेतून तिघं थेट आमच्याकडे. मुलगी आल्या आल्या "किया ओरा, आबा" म्हणायची, माझ्या हातचा शिरा चाटूनपुसून खायची. माझा डोळा त्या गोऱ्या पोरावर. दोन हजार सोळाच्या राखीला मी माझ्या मुलाकडून सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून दोन राख्यांचं पाकीट आणवलं. त्या पोराला कार्पेटवर बसवलं, डोक्यावर माझा रुमाल टाकला आणि नातीला म्हणालो, "बांध. आजपासून हा तुझा भाऊ."

नातीने त्याला इंग्लिशमध्ये अर्थ समजावला. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, म्हणत त्याने हात पुढे केला. मैत्रीण हसून हसून सोफ्यावर आडवी.

"आबा, तुम्ही पण ना!" नात म्हणाली.

मी निर्धास्त झालो.

महिन्याभराने नात एकटीच स्वयंपाकघरात आली. मी रवा भाजत होतो.

"आबा, रागावणार नाही ना?"

"बोल की."

"मला ती आवडते. म्हणजे फ्रेंडसारखी नाही. नक्की काय ते मलाच अजून माहीत नाही. आधी तुम्हालाच सांगतेय."

मी गॅस बंद केला. जन्मभर भिंत ओळंब्यात बसली नाही की पाडायची आणि पुन्हा बांधायची, एवढंच मला येत होतं. दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली तेव्हा उरलेली राखी नातीच्या हातात दिली.

"हिलाही बांध. माझ्यादेखत."

"आबा, प्लीज."

"बांध म्हणतो ना!"

मैत्रिणीला अर्थ सांगावा लागला नाही, तो तिने महिन्यापूर्वीच ऐकला होता. तिने नातीकडे पाहिलं आणि मुकाट्याने हात पुढे केला. नातीच्या बोटांना गाठ मारता येईना. गाठ मीच मारली.

शिरा बशीत तसाच ठेवून ती मुलगी गेली. पुन्हा आली नाही. राखी मला दोन दिवसांनी आमच्या लेटरबॉक्समध्ये सापडली, कातरीने कापलेली.

त्या दिवसापासून नात माझ्याशीही इंग्लिशच बोलायला लागली. मुलाला मी काही सांगितलं नाही, तिनेही नाही. "आबा, तुमची लाडकी तुमच्याशी मराठी बोलत का नाही?" तो विचारायचा. "पोरं मोठी होतात," मी म्हणायचो. चुकलो, असं मी अजून कुणापाशी बोललेलो नाही.

आता ती शिकायला वेलिंग्टनला असते. रविवारी फोन आला की मुलगा तो माझ्यापुढे धरतो.

"हाय, आबा."

"जेवलीस का?"

"येप."

मी पुढचं जुळवत असतो. तोवर तिने फोन ठेवलेला असतो.