सुभाषच्या अंगणातून पालखी वळली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दारू पोटात गेल्यावर मित्रांनाही नाही. देवीला सांगायचा प्रश्नच नव्हता — ती त्या वेळी माझ्या खांद्यावर होती. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या वाडीचे नाही आणि उद्या एसटी स्टँडवर समोर येणार नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो. पश्चात्तापानं माझी झोप उडालीय वगैरे काही नाही. मला छान झोप लागते. कुठे लागते, ते शेवटी सांगेन.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून. निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईत. सगळ्यात वर देऊळ आणि देवळापुढे सहाण — शिमग्यात देवीची पालखी टेकवायचा दगडी चौथरा. सहाणेच्या खाली पहिलं घर माझं, त्याच्या खाली सुभाषचं. सुभाष म्हणजे माझा भावकीतला, माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच वर्गातला. त्याचा गोठा मात्र वर होता, सहाणेच्या बाजूला. होता म्हणजे — आता नाही.

तळीयेला काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्याच पावसात आमचाही डोंगर सुटला. तेवढा नाही, म्हणून आम्ही टीव्हीवर नाही. सुभाषची बायको सुनंदा म्हशी सोडायला गोठ्यात गेली होती. चिखल आला, झाडं आली, आणि गोठ्यासकट तिला घेऊन गेली. त्याच्या मागोमाग एक धोंडा आला, खोलीएवढा, आणि गडगडत येऊन सहाणेला टेकून थांबला. त्याच्या खाली माझं घर. घरात माझी आई, बायको, दोन्ही मुलं. मी दारात उभा होतो. तो धोंडा थांबताना मी या डोळ्यांनी पाहिला. तुम्ही पाहिला असतात तर काय म्हणाला असतात — नशीब? दगडाचा उतार संपला? मी म्हणालो, देवी आईनं हात लावला.

सगळी वाडी तेच म्हणाली. आणि त्या दिवशी माझं राजकारण ठरलं. हसताय? खेड्यात मतं पैशावर पडतात, भावकीवर पडतात, हे तुम्ही ऐकलेलं असतं. पडतात की. पण आमच्याकडे त्या वर्षापासून मतं त्या धोंड्यावर पडायला लागली. सरकारी माणसं आली, देवळामागे डोंगराला पडलेली भेग बघितली, म्हणाली वाडी खाली हलवा, हमरस्त्याजवळ जागा देतो. आता जिनं धोंडा अडवला तिला सोडून खाली जायचं? कुठल्या तोंडानं? आम्ही नको म्हणालो. एकटा सुभाष म्हणाला, जाऊया.

देवळातल्या बैठकीत त्यानं विचारलं, "आईनं धोंडा थांबवला म्हणता ना? मग चार पावलं वर, गोठ्याच्या आधी, डोंगर थांबवायला काय झालं होतं तिला?"

तो जे बोलला ते त्याच्या अनुभवातूनच ना? डोंगर एकच. त्या डोंगराकडे बघून मी हात जोडले, सुभाषनं झटकले. हे मला तेव्हाच समजलं होतं. अडाणीपणाची सबब मी सांगणार नाही. समजलं होतं म्हणूनच तो मला नको होता. कारण त्याचं खरं असेल तर माझी पोरं नुसती वाचली होती, कुणी वाचवली नव्हती. आणि नुसती वाचलेली पोरं पुढच्या पावसात काय करतात?

शिवाय — हे फार हलकं आहे, पण सांगतो — तो माझ्यापेक्षा बरं बोलायचा. आधीपासूनच. सरपंचपदाची निवडणूक लागली, त्यानं अर्ज भरला, मीही भरला. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले तेव्हा मला कळून चुकलं की मी पडतोय. तळीयेमुळे ते धास्तावले होते. सुभाष कुणाच्याही पडवीत बसून सावकाश सांगायचा, आणि माना हलायच्या.

आता पालखीचं सांगतो. पालखीची पुढची दांडी आमच्या घराण्याकडे आहे. मागे बाळू असतो, साधा माणूस. पालखी घरोघर जाते, अंगणात टेकते, बाया देवीची ओटी भरतात. पण पालखीला स्वतःचं मन असतं. ती ओढ घेते, जड होते, एखाद्या वाटेला नाहीच म्हणते. तुम्हाला हे थोतांड वाटेल. मला नाही वाटत, अजूनही नाही. माझा खांदा माझा राहिला नाही असं मी खरोखर अनुभवलंय. आणि खरी ओढ कशी असते ते ठाऊक होतं, म्हणूनच मला खोटी ओढ बेमालूम जमली. डावा गुडघा थोडा ढिला सोडायचा, खांदा पाडायचा आणि टाचेवर अर्धं वळायचं. मागच्या माणसाला वाटतं, आई निघाली.

सुभाषला पालखीचं सोयरसुतक नव्हतं. ती दारात आली काय न आली काय. मग मी कुणावर नेम धरला? त्याच्या आईवर. अनुसयाकाकीवर. वाडीत तिच्याएवढी देवीची भक्ती कुणाची नव्हती. सून गेल्यावरही तिनं देवीला बोल लावला नव्हता. उलट लेक बोलला म्हणून त्याच्याशी अबोला धरला होता. सुभाष कशाला भ्यायचा तर तिच्या डोळ्यातल्या पाण्याला. हे मला लहानपणापासून माहीत होतं. एकाच अंगणात खेळलोय आम्ही.

त्या सकाळी काकीनं अंगण सारवून ठेवलं होतं, दारात रांगोळी होती. घरात सवाष्ण उरली नव्हती, म्हणून ओटी भरायला तिनं माझ्याच बायकोला बोलावलं होतं. बायको ताट घेऊन उभी, तिच्यामागे काकी हात जोडून, आणि काकीच्या पदराला धरून सुभाषची मुलगी पौर्णिमा. ढोल वाजत होते. आम्ही अंगणाच्या कडेला आलो आणि मी गुडघा सोडला.

पालखी वळली. बाळू ओरडला, "आई ओढतेय रे! आवरत नाय!" बिचारा खरंच सांगत होता. लोकांनी पालखी परत अंगणाकडे फिरवली, मी परत वळवली. ढोल थांबले. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, आणि तिसऱ्यांदाही पालखी त्या अंगणात शिरली नाही. मला घाम फुटला होता आणि लोकांना वाटलं, अंगात वारं आलंय. खरं सांगू? मजा येत होती. आख्खं गाव माझ्या एका गुडघ्यावर उभं होतं.

काकी पुढे आली आणि तिथेच मातीत बसली. "काय चुकलं गो माझं, आई? सांग तरी." असं ती माझ्या पायाशी बसून विचारत होती, कारण देवी माझ्या खांद्यावर होती. मग सुभाष आला. त्यानं दांडीवर हात ठेवला आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं बोलला, "म्हातारीसाठी तरी टेकव, मन्या."

म्हणजे त्याला कळलं होतं. मी मोठ्यांदा म्हणालो, "माझ्या हातात काय हाय? आईची मर्जी!"

पुढचं मला बोलावंच लागलं नाही. देवीला सोडून जायला निघालेत, मग देवी दारात येईल कशी — हे मागून कुणीतरी म्हणालं आणि संध्याकाळपर्यंत घराघरात झालं. काकीनं लेकाला शपथ घातली, अर्ज मागे घे नाहीतर माझं मेलेलं तोंड बघ. त्यानं अर्ज मागे घेतला. मी बिनविरोध निवडून आलो. गुलाल उधळला. वाडी हलवायची नाही, हा ठराव माझ्या पहिल्याच ग्रामसभेत झाला.

इथपर्यंतच असतं तर मी हे सांगायला बसलो नसतो. राजकारणात असलं चालतं म्हणून मी ते केव्हाच पचवलं होतं. सांगायचं आहे ते पुढचं. आणि बघा, इतका वेळ पालखीचंच सांगत बसलो.

काकीनं तेव्हापासून रोज सकाळी सहाणेवर जाऊन कपाळ घासायला सुरुवात केली. कपाळ सोललं होतं तिचं. एक दिवस खाली उतरताना ती माझ्या अंगणात थांबली. मी पडवीत चहा पीत होतो. म्हणाली, "मन्या, तुझ्या खांद्यावर होती रे आई. तुला तरी उमगलं असंल. कशावर रागवलीय ती?"

तुमचं काही चुकलेलं नाही, काकी — एवढंच म्हणायचं होतं. पालखीचं कबूल करायचीही गरज नव्हती. मी सरपंच झालो होतो, मला आता काही मिळवायचं नव्हतं. मग का? सुभाष परत वाडी हलवायचे कागद घेऊन तहसीलला जायला लागला होता, हे एक. पण ते नंतर सुचलेलं कारण आहे. त्या क्षणी मला तिच्या सोललेल्या कपाळाची चीड आली होती. इतका कुणी विश्वास ठेवतं का? आणि ठेवते आहेच, तर कुठवर ठेवते बघू — असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "बोलू नये काकी, पण सुनंदा त्या दिवशी बाहेरची होती. तशीच सहाण ओलांडून गेली गोठ्याकडं. म्हणून डोंगर आला."

मला काय ठाऊक? परक्या बाईची पाळी मला कशी ठाऊक असणार? काकीनंही ते विचारलं नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "मीच धाडली रे तिला," ती म्हणाली. "जा, म्हशी सोड, म्हणून मीच."

हे मी धरलंच नव्हतं. माझी गोष्ट मी पुरती सांगितलीही नव्हती, उरलेली काकीनं स्वतःच पुरी केली. तेव्हा तरी तोंड उघडायचं. मी म्हणालो, चहा घ्या काकी.

सुभाषच्या घरातल्या भिंतीवरून सुनंदाचा फोटो उतरला. काकीनं नातीला सगळं सांगितलं — तुझ्या आईमुळे डोंगर आला, मी तिला धाडली, आपल्या घराचा दोष आहे. सुभाष ओरडला, रडला, त्यानं फोटो परत लावला, तो परत उतरला. काकी गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत माफी मागत होती, देवीची. सुभाष आता टेम्पो चालवतो, कशेडी घाटाच्या पलीकडे माल नेतो आणि घरी कमीच असतो. बाप-लेकीचं बोलणं नाही.

आणि पौर्णिमा अठराची झाली. परवाच्या ग्रामसभेत वाडी हलवायचा प्रस्ताव पुन्हा आला. भेग वाढलीय, त्यात आता माणसाचा पाय जातो. पुष्कळजण डळमळले होते. मीही काय बोलावं या विचारात होतो. तेवढ्यात ही उठली. पहिलीच ग्रामसभा तिची. म्हणाली, "चूक आमच्या घरातून झाली. माझ्या आयनं केली. आता आईला टाकून खाली गेलो, तर ती कुणाला सोडणार नाय. मी तरी हितनं हलायची नाय." आवाज अगदी सुभाषचा — तसाच सावकाश, तसाच पटणारा.

सुभाष मागे बसला होता. तो उठून बाहेर गेला. हात वर झाले, प्रस्ताव पडला. सभा संपल्यावर तिनं वाकून मला नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला. मोठी हो, म्हणालो.

आता झोपेचं. पोलादपुरात दुसऱ्या मजल्यावर मी खोली घेतलीय. पावसाळ्यात मुलं शाळेसाठी तिथे, बायको मुलांसाठी तिथे आणि मी तालुक्याच्या कामासाठी तिथे, असं वाडीत सांगितलेलं आहे. वाडीतल्या घराला कुलूप असतं. पाऊस कितीही पडो, मला छान झोप लागते.

पौर्णिमा वाडीतच असते. ती सहाणेवर कधी चढत नाही, दोष आहे म्हणून. खालच्या पायरीवरूनच हात जोडते. गेल्या आठवड्यात दिवसभर पाऊस लागला होता तेव्हा तिचा फोन आला. "काका, तुमच्या घराला पण दिवा दावते मी रोज. काळजी करू नका."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.