बर्फाच्या पेटीत काय होतं

“ही आमच्या परिटाची मुलगी. काचसामान हिच्यासारखं कोणी धूत नाही. रक्तातच आहे ते.”

सार हे इंग्रजीत म्हणाले. सार म्हणजे आमच्या संशोधन संस्थेचे प्रमुख. समोर परदेशी लस कंपनीची दोन माणसं उभी होती. ती हसली. ती हसली म्हणून माझे सहकारीही हसले. मग सार माझ्याकडे वळले आणि घरच्या भाषेत, मराठीत म्हणाले, “कॉफी आण की सगळ्यांना.”

टेबलावर पेशींच्या ज्या बाटल्या पाहुण्यांना दाखवल्या जात होत्या, त्या माझ्या होत्या. पेशी मी वाढवलेल्या. मी विषाणूशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, इंटरफेरॉनवर पीएच.डी. चालू होती. यातलं एक अक्षर सारांच्या तोंडून निघालं नाही. मी कॉफी आणली. वाटली. आणि रिकामे टंबलर गोळा करून धुतलेही.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजांबरोबर सरदार आले, शास्त्री आले, तसे आम्हीही आलो. त्यांची धोतरं कुणीतरी धुवायला हवी होतीच. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. अप्पा, म्हणजे माझे वडील, सारांच्या घरचे कपडे न्यायचे. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर जायची. अप्पा इस्त्रीची घडी ओट्यावर ठेवून चार पावलं मागं सरायचे. मग सारांची आई आतून पाण्याचं भांडं घेऊन यायची, घडीवर पाणी शिंपडायची आणि मगच कपड्यांना हात लावायची. आमचा विटाळ जावा म्हणून. अप्पांनी दुपारभर निखाऱ्याची इस्त्री फिरवून बसवलेली घडी डोळ्यांदेखत ओली व्हायची. अप्पा हसून म्हणायचे, “येतो अम्मा.” ते हसणं मला आजही सहन होत नाही.

सार त्याच घरचे. त्यांनी पाणी शिंपडलं नाही. ते शिकलेले होते ना. त्यांनी मला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं आणि सगळ्यांच्या बाटल्या धुवायला लावल्या. साबणाचा अंश राहिला की पेशी मरतात, म्हणून धुण्याला फार महत्त्व, असं ते समजावून सांगायचे. मग ते महत्त्वाचं काम बाकीच्यांच्या वाट्याला कधीच कसं आलं नाही?

देशाची दारं नुकतीच उघडली होती. जो तो बाहेरच्या कंपनीशी हात मिळवायला निघाला होता. सारांनाही घाई झाली होती. मेंदूज्वराची लस. आमच्याकडे भातशेतीत पाणी साचतं, डास होतात, आणि पोरं तापानं फणफणून जातात. लस हवी होती यात वादच नाही. मी लसीसाठीच तर या कामात आले होते. आमच्या गल्लीतलं एक मूल या तापातून वाचलं, पण पुन्हा कधी बोललं नाही.

इंटरफेरॉन म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते. विषाणू पेशीत शिरला की पेशी एक पदार्थ बाहेर सोडते. ती स्वतः बहुधा मरते, पण शेजारच्या पेशी सावध होतात. लसीतला विषाणू दुबळा केलेला असतो. आमच्या लसीतला विषाणू पेशीत घातला की इंटरफेरॉन भरपूर सुटायचं. खरा, रोग देणारा विषाणू मात्र पेशीचं तोंड दाबून धरायचा. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

गावातल्या मुलांवर चाचणीसाठी न्यायची लसीची बॅच तयार झाली. मी ती पेशींत घालून तपासली. इंटरफेरॉन जवळजवळ नव्हतंच.

माझीच चूक असेल म्हणून पुन्हा तपासली. जुनी बॅच शेजारी ठेवून तपासली. जुनीत होतं. नवीत नव्हतं. दुबळा केलेला विषाणू पुन्हा जोर धरत असावा. शेजारच्या खोलीत बर्फाच्या पेट्या भरणं चालू होतं, बर्फ फोडल्याचा आवाज भिंतीतून येत होता.

मी सारांच्या खोलीत गेले.

“सार, ही बॅच मुलांना देता येणार नाही.”

त्यांनी माझे आकडे पाहिले. नीट पाहिले. त्यांना सगळं कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. कागद पालथा करून ते म्हणाले, “तुज कोणी सांगितलं होतं तपासायला?”

“आधी प्राण्यांवर पाहू सार. थोडे दिवस थांबू.”

“कंपनी थांबत नाही. आणि चेरीतली पोरं ती. चिखलात वाढतात. त्यांस काय होतंय?”

चेरी म्हणजे गावाबाहेरची शेतमजुरांची वस्ती. मी उभीच राहिले. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “तू बरोबर ये. त्या बायका आम्हाला भितात. तुज बघून हात पुढं करतील.”

तेव्हा मला कळलं, मला कशासाठी पाळलं होतं ते.

अप्पांना सांगितलं. त्यांनी इस्त्रीचा कोळसा फुंकला. मग म्हणाले, “त्यांचं घर सुटलं तर आपलं पोट कोठे जायचं बाई?”

दुसऱ्या दिवशी जीप कालव्याच्या कडेनं निघाली. पेटी माझ्या पायाशी होती. खड्डा आला की आतल्या बाटल्या किणकिणायच्या. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला, पाणी स्वच्छ, एक माणूस म्हशी धुवत होता. सार पुढं बसून ड्रायव्हरशी गप्पा मारत होते. सगळं शांत होतं.

वस्तीत बायका मुलांना घेऊन छपराखाली बसल्या होत्या. मुलांना आंघोळ घातलेली, कपाळाला विभूती लावलेली. डॉक्टर येणार म्हणून. एका आईनं कडेवरच्या मुलीचा दंड उघडा केला आणि मला तमिळमध्ये विचारलं, “अक्का, तू सांग. टोचून घेऊ ना?”

सारांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सांग म्हणून.

“नका टोचून घेऊ,” मी म्हणाले. “ही लस बिघडली आहे. मी स्वतः तपासली आहे. पोरांना घरी न्या. चांगली लस येईल तेव्हा मीच सांगायला येईन.”

बायका उठल्या. कोणी ओरडलं नाही. छप्पर रिकामं झालं. सार माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, मराठीत म्हणाले, “परिटाची ती परिटाचीच.”

“होय सार,” मी म्हणाले. “परिटाचीच.”

त्यांनी पेटी जीपमध्ये ठेवायला लावली आणि ड्रायव्हरला पुढच्या गावाचं नाव सांगितलं. मला तिथंच सोडून जीप वळली. रस्ता पुलावरून लांबून जात होता. कालव्याचा बांध त्या गावाला सरळ जात होता. मी चपला हातात घेतल्या आणि बांधावरून पळत सुटले.

पीएच.डी. गेली. सारांच्या घरचं अप्पांचं कामही गेलं. त्या बॅचनं कुणाला काही झालं असतं की नाही, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. ते शोधण्यासाठी कुणाची पोरं वापरू देणार नाही, एवढं सांगता येतं. सारांनी अपमान मराठीत केला, म्हणून मी हे मराठीत लिहिते आहे. न तपासलेली पेटी घेऊन ते ज्या ज्या गावात जातील, तिथं त्यांच्याआधी मी पोचलेली असेन.